आधी विहीर मोजा, मग माणसं

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. पाडव्याला मी दरवर्षी दिवाळीच्या सहलींचं बुकिंग उघडते. नारायण पेठेतल्या माझ्या दहा बाय बाराच्या ऑफिसात सकाळी पेढे असतात आणि दुपारपर्यंत पहिली बस अर्धी भरलेली असते. त्या वर्षी पाडव्यालाच देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस उजाडला. पुण्यात तर आम्हा सहलवाल्यांकडे त्याच्या दोन आठवडे आधीपासूनच लोक तिरकं बघायला लागले होते, कारण राज्यातले पहिले करोनाबाधित ९ मार्चला पुण्यातच सापडले आणि ते दुबईची सहल करून आलेले होते. माझा दुबईशी काडीचा संबंध नाही, मी कोकण आणि हंपीवाली. तरी शेजारच्या दुकानदाराने माझ्या हातून सुट्टे घेणं बंद केलं.

हे सगळं आता का उगाळतेय, तर गेल्या दोन वर्षांत वेल्हे, भोर, मुळशीकडची पाच-सहा तरुण पोरं माझ्याकडे येऊन गेली. सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘काकू, गावात पर्यटन सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?’ प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. देशाचं पर्यटन पुन्हा कसं उभं करायचं यावर मोठ्या परिषदा होतात. तिथले आकडे मीही वाचते: २०१९ मध्ये आपल्याकडे सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पाहुणे आले, २०२० मध्ये जेमतेम २७ लाख. देशातल्या देशात फिरणाऱ्यांच्या फेऱ्या २३२ कोटींवरून ६१ कोटींवर आल्या. पण या आकड्यांनी विहिरीत पाणी किती आहे ते कळत नाही. मी पाहुणे नेते त्या एका गावचं मला कळतं, तेवढंच सांगते.

त्या गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. वेल्हे भागातलं, अडतीस उंबऱ्यांचं गाव आहे एवढं पुरे. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या उभ्या राहतात. तुम्हीही गावाची जाहिरात करताना लोकेशन टाकू नका. ज्याने पैसे भरलेत त्याला आदल्या रात्री पत्ता पाठवायचा.

जुनी देणी

नव्याने सुरू करण्याआधी जुनं खातं मिटवा. माझ्याकडे त्या मार्चमध्ये दोन सहलींचे मिळून एकाहत्तर जणांचे पैसे होते. त्यातले बरेचसे हॉटेलांना आगाऊ गेलेले. एका हॉटेलवाल्याने आमची रक्कम परत द्यायला चौदा महिने लावले आणि त्या चौदा महिन्यांत मला रोज एक तरी फोन यायचा. मी वहीत तीन रकाने पाडले: पैसे हवेत, पुढच्या सहलीत वळते करा, आणि ‘बघू नंतर’. पहिल्या रकान्यातल्यांना एफडी मोडून पैसे दिले. दुसऱ्या रकान्यातल्यांना कागद दिला, त्यावर रक्कम आणि शेवटची तारीख, खाली माझी सही. तिसऱ्या रकान्यातल्यांना मी दर तीन महिन्यांनी स्वतःहून फोन करत राहिले.

ज्याला पैसे वेळेवर परत मिळाले तो माणूस नंतर तुमच्याबरोबर पिठलं-भाकरी खायलासुद्धा वेल्ह्याला येतो. पुन्हा सुरू केल्यावर माझ्या पहिल्या दोन वर्षांतले निम्म्याहून जास्त पाहुणे त्या एकाहत्तरांतले आणि त्यांच्या नातेवाइकांतले होते. जाहिरातीवर मी छदाम खर्च केला नाही.

बासष्ट माणसं

आता माझी चूक. नोव्हेंबर २०२१, दिवाळी होऊन गेलेली, लसीचे दोन डोस झालेले. दीड वर्ष घरात कोंडलेले पुणेकर असे बाहेर पडले की जणू डोंगर पळून जाणार आहेत. माझ्याकडे बासष्ट नावं आली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, कारण दीड वर्षात मी मेतकूट आणि भाजणी विकून भाडं भरलं होतं. दोन बस करून सगळ्यांना गावात मुक्कामाला नेलं.

संध्याकाळी सातला विहिरीवरची मोटर हवा ओढायला लागली. शाळेमागचा संडास तुंबला. तिघी बायका रात्री अकरापर्यंत चुलीपुढून उठल्या नाहीत आणि शेवटच्या पंगतीला भाकरी पुरली नाही म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं. पाहुणे खूश होते बरं का, चांदणं बघून सगळे धन्य झालेले. सकाळी मी पाच वाजता उठले तेव्हा गावातल्या बायका हंडे घेऊन खालच्या ओढ्याकडे निघाल्या होत्या. माझ्या पाहुण्यांनी अंघोळी करायच्या म्हणून त्या ओढ्यावर. सरपंचांच्या आई काही बोलल्या नाहीत. मी बसमध्ये चढताना एवढंच म्हणाल्या, “ताई, फुडल्या बारीला मान्सं आनशिला तवा पानी बी घिऊन या.”

त्या दिवशी गावाला मिळालेला पैसा चांगला होता. पुढचे तीन महिने मी तिथे तोंड दाखवलं नाही.

विहीर मोजायची कशी

गावात किती पाहुणे झेपतात हे ठरवायला कन्सल्टंट लागत नाही. एक दोरी, एक दगड, खडू आणि तीन दिवस लागतात.

संध्याकाळी शेवटचा हंडा भरून झाला की दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि पाण्याची पातळी काठावर खडूने लिहा. पहाटे पहिली कळशी बुडायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीतून पाणी किती वर आलं ते कळेल. सलग तीन दिवस करा आणि सरासरी काढा. विहीर गोल असेल तर व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग ०.७८५ ने गुणा. आलेल्या आकड्याला पाणी जितके मीटर चढलं त्याने गुणा आणि शेवटी हजाराने. एवढे लिटर पाणी रात्रीत भरतं. दिवसा पाझरतं ते हिशेबात धरू नका, ते अडीअडचणीला राहू द्या.

आमच्या विहिरीचा व्यास पाच मीटर. नोव्हेंबरात रात्रीतून पाणी एक मीटर चढतं, म्हणजे १९,६२५ लिटर. आता गावाची गरज. ग्रामीण नळपाणी योजना माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. आमच्या गावात एकशे नव्वद माणसं, म्हणजे १०,४५० लिटर. तीस जनावरं, प्रत्येकी ४० धरा, आणखी १,२००. उरले ७,९७५ लिटर.

शहरात पाणीपुरवठ्याचं माप माणशी १३५ लिटर आहे. शहरातला माणूस खेड्यात गेला म्हणून त्याची सवय बदलत नाही. तो तितकंच वापरतो, वर पाय धुतो, बूट धुतो. म्हणजे एक पुणेकर गावात उतरला की जवळजवळ अडीच गावकऱ्यांचं पाणी उतरतं. बासष्ट गुणिले १३५ किती? ८,३७०. विहिरीत शिल्लक होते ७,९७५. मोटरने हवा का ओढली ते मला चार महिने उशिरा, माझ्याच टेबलावर, कॅल्क्युलेटरवर कळलं.

उरलेलं सगळं पाणी पाहुण्यांना द्यायचं नसतं. निम्मं राखायचं. मग राहिले चार हजार लिटर, म्हणजे एकोणतीस पाहुणे. पण हा पाण्याचा आकडा झाला. संडास किती, चुलीवर हात किती, अंथरुणं किती, असे प्रत्येकाचे आकडे काढा आणि त्यातला सगळ्यात लहान असेल तोच धरा. आमच्याकडे सात घरं पाहुणे ठेवायला तयार होती, त्यांतल्या पाचांकडे धड संडास. घराला चार पाहुणे, म्हणजे वीस. पाणी एकोणतीस म्हणत होतं, संडास वीस म्हणत होते. आम्ही वीसवर थांबलो.

हाच हिशेब फेब्रुवारीअखेर पुन्हा केला तेव्हा पाणी रात्रीतून साठ सेंटिमीटरच चढत होतं. ११,७७५ लिटर. माणसं आणि जनावरं वजा केल्यावर उरले १२५. एका पाहुण्याला लागतात त्याहून दहा लिटर कमी. म्हणून फेब्रुवारीअखेरपासून पाऊस लागेपर्यंत तिथे मुक्काम बंद. मला मे महिन्याच्या सुट्टीचा सगळ्यात मोठा गल्ला सोडावा लागतो आणि दर वर्षी कोणीतरी ओळखीचं म्हणतं, “अहो, टँकर मागवा की!” टँकर कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या विहिरीतूनच भरतो.

गावाला विचारायचं म्हणजे कोणाला

२०२० मध्ये याच गावाने रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून बाहेरच्यांना वाट बंद केली होती. पुण्यात नोकरी करणाऱ्या स्वतःच्या पोरांनासुद्धा पंधरा दिवस शाळेत ठेवलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिथून दवाखाना गाठायचा तर सव्वा तास लागतो.

त्यामुळे सरपंचांनी होकार दिला म्हणजे गावाने दिला असं समजू नका. ग्रामसभेत विषय ठेवा, आणि बायका येतील अशा वेळी ठेवा. सकाळी दहाला ठेवलीत तर त्या शेतात असतात. आम्ही रात्री जेवणानंतर मारुतीच्या देवळात बसलो. तिथे मी बासष्ट माणसांबद्दल माफी मागितली, विहिरीचा हिशेब वाचून दाखवला आणि विचारलं की पुन्हा आणू का. दोन तास वाद झाला. एका आजोबांनी सरळ सांगितलं की दारू प्यायलेला एक जरी माणूस दिसला तरी बस परत पाठवू. ते वाक्य मी बुकिंगच्या अर्जात जसंच्या तसं छापलंय.

त्याच रात्री बंद दिवस ठरले. गावची जत्रा, कोणाच्या घरी मयत झालं तर तेरा दिवस, आणि भातलावणीचे तीन आठवडे. लावणीवर मी हरकत घेतली होती. जुलैतला पाऊस, हिरवी खाचरं, धुकं, पुण्यातले लोक यासाठीच तर येतात! तेव्हा एका वहिनींनी विचारलं, चिखलात फोटो काढणाऱ्यांनी तुडवलेली रोपं पुन्हा कोण लावणार? शेवटी तोड निघाली. रस्त्याकडेचं एक लहान खाचर पाहुण्यांसाठी ठेवायचं, तिथे त्यांनी काय वाट्टेल ती लावणी करावी, आणि तेही लावणी उरकल्यावरच. त्या खाचरातल्या ओळी बघून गावातली पोरं अजून हसतात.

रविवार फोडा

माझ्या मते आपल्याकडच्या पर्यटनाचा खरा आजार गर्दी हा नाही, रविवार हा आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो रविवार होता. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार माणसं गेली, तोही रविवार. दोन्हीकडे मंगळवारी सकाळी गेलात तर चार गुराखी भेटतील. सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून ई-बस सोडल्या होत्या. कल्पना उत्तम. पण तो घाट, त्यात सुट्टीची झुंबड, आणि महिना व्हायच्या आत प्रयोग गुंडाळावा लागला. गाड्या बदलल्या तरी सगळे त्याच दिवशी, त्याच चार तासांत येणार असतील तर बस बिचारी काय करणार.

आता आमच्याकडे आठवड्याला जास्तीत जास्त तीन खेपा असतात: मंगळ-बुध, गुरु-शुक्र आणि शनि-रवि. प्रत्येकी वीस माणसं. बासष्ट माणसं एका रात्री आणली तेव्हा गाव मोडलं. आता आठवड्याला साठ येतात आणि कोणाला फारसं जाणवत नाही. शनि-रविचा दर माणशी २,२०० रुपये, आडवारी १,९००. ते तीनशे कुठून आले? दोनशे मी माझ्या वाट्यातले सोडले आणि शंभर गाडीवाल्याने, कारण आडवारी त्याची गाडी नाहीतरी उभीच असते. गावाचा वाटा दोन्ही दरांत तोच. हे लक्षात ठेवा. सवलत द्यायची तर आपल्या खिशातून द्यायची, भाकरी थापणारीच्या नाही.

आडवारी येतं कोण, हा पुढचा प्रश्न. निवृत्त लोक येतात, आणि कोथरूड-सहकारनगरमध्ये ते भरपूर आहेत. सकाळी टेकडीवर फिरणारे गट पकडा, एका गटात पंधरा जण आयतेच असतात, गुडघेही बरे असतात. हिंजवडीवाल्यांना आता आठवड्यातले काही दिवस घरून काम असतं, पण त्यांना मी घेत नाही. लॅपटॉप उघडून बसतात आणि रेंज नाही म्हणून माझ्याशी भांडतात. कॉलेजच्या भूगोल आणि वनस्पतिशास्त्राच्या सहली उत्तम. मास्तर बरोबर असतात, पोरं झाडांची नावं विचारतात, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्याला किती माहीत आहे ते पहिल्यांदाच कळतं. भारंगी, कुर्डू, करटुली या रानभाज्यांवर एका आजींनी दीड तास वर्ग घेतला, हजेरी पूर्ण.

माणसं मोजून सोडणं आपल्याकडे चालणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी कासचं उदाहरण देते. साताऱ्याजवळच्या त्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी आहे, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर बघतात. लोक कुरकुरतात आणि नोंदणी करतात. दुसरं टोक भूतानचं. त्यांनी २३ सप्टेंबर २०२२ ला दारं उघडली ती परदेशी पाहुण्याला रात्रीला २०० डॉलर शुल्क लावून. आधी ते ६५ होतं. वर्षभरात त्यांनाच ते १०० वर आणावं लागलं. आपल्या लोकांना रात्रीला १,२०० रुपये. माझ्या एका पाहुण्या त्या बाराशेवरून पारोच्या विमानतळावर पाऊण तास हळहळत होत्या आणि नंतर थिंफूत नऊ हजारांची शाल घेतली. भूतानचा आकडा उचलू नका, आपल्या गावाला तो झेपणार नाही. उचलायचंच तर आधी संख्या ठरवून मग दर ठरवण्याची त्यांची पद्धत उचला. आपण नेमकं उलटं करतो.

पैसा कुठे जातो ते भिंतीवर लिहा

आमच्या २,२०० रुपयांचा हिशेब गावातल्या समाजमंदिराच्या भिंतीवर आणि माझ्या ऑफिसात लावलेला आहे. मुक्काम आणि चार वेळचं खाणं १,१००. वाटाड्याला १५०. गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या ठेवीत १००. गाडी ४५०. मला ४००. म्हणजे १,३५० गावात राहतात. पोरांनो, तुमच्याकडे पाहुणे पाठवणारा कोणी शहरातला मध्यस्थ असेल तर त्याला हा कागद मागा. तो चिडला तर उत्तर मिळालं.

घरांची पाळी लावा. ज्याचं घर सुंदर त्याच्याकडेच पाहुणे, असं झालं की दुसऱ्या वर्षी गावात दोन तट पडतात. आमच्याकडे बचत गटाच्या अध्यक्ष वहिनी पाळीची वही ठेवतात. मला ती वही बघायला मिळते, त्यात लिहायला नाही. पैसे पाहुणे निघायच्या आधी, त्याच दुपारी, गटाच्या खात्यात यूपीआयने. ‘महिनाअखेर एकदम देते’ असं सांगणाऱ्या सहलवाल्याशी व्यवहार करू नका, माझ्याशीसुद्धा नाही.

आणि घर सजवू नका. एका घरात मुलाने हौसेने टाइल्स, गीझर आणि इंग्लिश संडास बसवायला अडीच लाखांचं कर्ज काढायचं ठरवलं होतं. मी त्याला वीस माणसं, सात घरं, वर्षातले मुक्कामाचे महिने असा हिशेब मांडून दाखवला. हप्ता फिटायला नऊ वर्षं लागली असती. त्याने चाळीस हजारांत साधा दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधला. एक खड्डा भरला की झडप फिरवून दुसरा चालू करायचा, पहिल्यातलं दीडेक वर्षात खत होतं. टँकरने उपसावं लागत नाही, आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला बांधला की झालं.

बाकी किरकोळ

कागदपत्रं टाळू नका. न्याहारी-निवास किंवा कृषी पर्यटन, जे बसेल त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, साहसी पर्यटनाचं २०२१ मध्ये. म्हणजे दोर लावून कड्यावरून उतरवणार असाल तर त्याची वेगळी नोंदणी. जेवण देणाऱ्यांनी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी करावी. डोंगर पोखरून सपाटी करू नका. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, त्यातून एवढं तरी शिकू.

कचऱ्याला एकच उपाय मला लागू पडलाय: ताणकाटा. निघताना प्रत्येक गटाची कचऱ्याची पिशवी सगळ्यांसमोर वजन करायची, आकडा मोठ्याने वाचायचा आणि पिशवी बसमध्ये ठेवून पुण्याला आणायची. मागच्या गटाचा आकडाही सांगायचा. पुणेकर मागच्यांपेक्षा कमी गुण मिळालेले सहन करत नाही. वीस जणांचा आमचा नीचांक ४०० ग्रॅम आहे आणि तो ज्या गटाच्या नावावर आहे त्यातल्या बाई अजून तो सगळीकडे सांगतात.

काजव्यांच्या रात्री मी बंद केल्या. जूनच्या तोंडावर गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या घेऊन त्या झाडांखाली जाणं बरोबर नाही, आणि शंभर सूचना देऊनही कोणीतरी बॅटरी लावतोच. भांडत बसायचं वय राहिलं नाही.

स्वारगेटहून वेल्ह्याला एसटी जाते. पाचपेक्षा कमी पाहुणे असतील तर मी त्यांना तीच सांगते आणि गाडीचे पैसे घेत नाही. दोन जण नाराज होतात, तिसरा खिडकीत बसून कॅमेरा काढतो.

तांदूळ

हे शेवटी लिहितेय, पण तुम्ही पहिल्या वर्षीच करा. टाळेबंदीत माझ्या ओळखीच्या दोन गावांचं काय झालं ते मी पाहिलं. एकात बऱ्याच जणांनी रस्त्याकडेची जमीन फार्महाउसवाल्यांना विकून त्याच फार्महाउसांवर राखणदारी धरली होती. पाहुणे थांबले, मालकांनी पगार अर्धे केले, मग बंद केले. दुसऱ्या गावात, म्हणजे आमच्या, पैसा तितकाच आटला. पण कणग्यांत भात होता.

एप्रिल २०२० मध्ये त्यांचा भात घ्यायला व्यापारी येईना आणि माझ्या पाहुण्यांना सोसायटीच्या गेटबाहेर पडता येईना. माझ्याकडे सतराशे जणांचे फोन नंबर होते आणि करायला काम नव्हतं. मी इंद्रायणी तांदळाच्या दहा-दहा किलोच्या पिशव्यांची यादी केली, परवानगी काढून एका टेम्पोने तांदूळ आणला आणि सोसायट्यांच्या गेटवर उतरवला. पहिल्या खेपेला सदतीस पिशव्या. लोकांनी डोळे मिटून घेतला, कारण तांदूळ कोणाच्या अंगणात वाळला ते त्यांनी सहलीला आले तेव्हा पाहिलं होतं.

तेव्हापासून ते चालूच आहे, आणि आता ग्रामसभेचा नियमच आहे: सहलीतून येणारा पैसा कोणत्याही घराच्या वर्षाच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेला तर त्या घराची पाळी पुढे ढकलायची. कडक आहे, दोन घरं त्यावरून माझ्याशी बोलत नाहीत. पण पुन्हा कधी फांद्या टाकून रस्ता बंद करायची वेळ आली तर गावाला तो बंद करता आला पाहिजे, माझ्या बुकिंगकडे न बघता.

तुमच्याकडे भात नसेल तर नाचणी असेल, वरई असेल, हरभरा, मध, काहीतरी असेल. पाहुणा परत निघताना त्याच्या हातात दोन किलोची पिशवी द्या, विकत. त्यावर बचत गटाचा फोन नंबर लिहा, माझा नाही. घरी ती पिशवी संपते तेव्हा तो फोन करतो. आमच्या गटाकडे आता दोनशे चौदा घरं वर्षाचा तांदूळ आधी नोंदवतात, निम्मे पैसे गणपतीच्या आत देतात. यंदाच्या यादीत अकरा घरांची जागा शिल्लक आहे, असं वहिनी कालच फोनवर म्हणाल्या. जुना तांदूळ हवा असेल त्यांनी मात्र आधी विचारावं, तो थोडाच उरलाय.